टंच

पहिल्यांदा आलं ते नुसतं पाणी.
सुईतून दोन मिली, पातळ गुळवणीच्या रंगाचं.
पारिसा चौगुले, वय त्रेपन्न, हुपरी.
उजव्या कानाखाली गाठ, दुखत नाही.
काचेवर पसरून पाहिलं:
फेसाळ पेशी चार-दोन, बाकी ओसाड.
मी लिहिलं, साधी द्रवाची पिशवी असावी,
घातक पेशी दिसल्या नाहीत.
सही केली. खाली शाहूपुरीच्या चौकात
गुळाच्या ढेपांचा ट्रक अडकला होता
आणि सगळे एकदम हॉर्न वाजवत होते.

गाठ बसली. दिवाळीआधी परत भरली,
त्याच जागी, तेवढीच,
जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

आता ती फॉर्मॅलिनच्या डबीत माझ्यासमोर,
टपोऱ्या जांभळाएवढी.
डॉक्टर घोरपड्यांनी चेहऱ्याची नस वाचवत
सगळी ग्रंथीच सोलून काढलेली.
कापली तर आत चिकट, स्वच्छ पाणी. भिंत गुळगुळीत.
तीन तुकडे, तीन ठोकळे.
शमा मुजावरने मेणाचे पापुद्रे कोमट पाण्यावर सोडले
आणि खालून काच सरकवत
सायीसारखे अलगद उचलले.
तिन्ही काचा म्हणाल्या: पिशवी.

मला तरी तसं म्हणायला काय जात होतं?

पण जे रिकामं होऊन पुन्हा भरतं
ते कुठून तरी भरतं.
लाळेच्या ग्रंथीत अशी एखादी येते
चार-पाच वर्षांत, साध्या गाठीचे कपडे घालून,
आणि दारावर कुणी नाव विचारत नाही.

मी डबी पुन्हा उघडली.
पातीच्या बोथट बाजूने भिंत चाचपत गेले,
उलटी केली, पुन्हा चाचपली.
एका कोपऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढं काही
पातीला अडलं.

"अजून एक ठोकळा, शमा. आणि खोल काप दे."
भडंगाची पुडी बाजूला ठेवून ती हात धुवायला गेली.
तिची इचलकरंजीची गाडी सहाची.
काही बोलली नाही.

चौथ्या काचेवर होत्या त्या.
काही श्लेष्म्याने तुडुंब फुगलेल्या,
काही फरशीसारख्या कडेला कड लावून,
आणि मधल्या, लहान,
ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही.
किरमिजी रंग दिला तसा श्लेष्मा उजळून आला
आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं:
दिसल्या नाहीत.
खोटं नव्हतं ते.
पण चौगुल्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल
तेव्हा "दिसल्या" वाटेतच गळून पडलं असणार,
उरलं असणार "नाहीत".

सोमवारी ते स्वतः आले, कानामागे पट्टी,
बोटांच्या पेरांत चांदीची काळी रेघ.
घोरपड्यांनी सगळं सांगितलं होतं,
तरी माझ्याकडून ऐकायचं होतं.
सांगितलं. कर्करोग आहे, सौम्य जातीचा,
कडा मोकळ्या आहेत, निघालाय सगळा,
तपासायला मात्र येत राहायचं, वर्षानुवर्षं.
आणि पहिला अहवाल माझाच होता, हेही.

बराच वेळ ते टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.
"आमच्यात विटेचा टंच काढत्यात," म्हणाले,
"एकाच कोपऱ्याचा काढला
तर जस्त दुसऱ्या कोपऱ्यात निवांत बसतंय.
आमच्या बानं अशी एक वीट घेतलीती.
भट्टी इकाय लागली."
मग हसले. ओठाचा उजवा कोपरा
डाव्याच्या जरा मागून वर आला.
"तुमी चारी कोपरं बघितलासा की."

"चौथा उशिरा," मी म्हणाले.

त्यावर ते काहीच म्हणाले नाहीत.
फाइल काखेत धरून जिना उतरले, कठडा धरत.

ट्रेमध्ये अकरा काचा होत्या.
सगळ्यात वरच्या कागदावर
कुणीतरी घाईत लिहिलेलं:
गाठ. दुखत नाही.